चेंडूचं रान

म्हैस सुटली तेव्हा रतन भाकऱ्या थापत होती. हात तसेच पिठाचे, पदर कमरेला खोचलेला, अन् ती धावत सुटली... कळंबच्या शिवेवरून, कॅनॉलच्या कडेकडेनं, थेट चेंडूच्या रानापर्यंत.

चेंडूचं रान म्हणजे साखर कारखान्याच्या साहेबलोकांचं गोल्फचं मैदान. रतन लहान होती तेव्हा तिथं तिच्या आबांची, महिपतीची, ज्वारी उभी असे. मग कारखान्यानं गावातल्या चारपाच घरांची रानं करारावर घेतली, बांध मोडले आणि गवत लावलं. गावाचं जनावर तिकडं गेलं की सुटं सापडलं म्हणून कोंडवाड्यात जाई.

म्हैस अगदी मधोमध उभी होती, जिथं गवत गोलाकार, गालिच्यासारखं कापलेलं असतं, तिथंच. अन् तिच्यापाशी एक तरुण गुडघे टेकून बसला होता. खुरांनी पडलेले खड्डे तळव्यानं हळूहळू दाबत होता. तो जयवंता. निरवांगीचा. मैदानाच्या गवतावरचा मुकादम.

आता म्हैस कोंडवाड्यात जाणार, असं रतननं धरलं. पण त्यानं आवाज चढवला नाही.

"म्हैस तुमची व्हय? लई शौकीन दिसती. सगळं रान सोडून ह्योच गोल निवडला."

"शौकीन तर तुमचं साहेब," रतन दम खात म्हणाली. "म्हैस निदान गवत खाती तरी. साहेब सोता खाईनात, अन् दुसऱ्याला बी खाऊ देईनात."

तो हसला. मान खाली घालून, ओठ दाबून. रतनला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं... पिठाचा हात तोंडावर गेला अन् गालाला पीठ लागलं. ते त्यानं पाहिलं. सांगितलं मात्र नाही. घरी आल्यावर आईनं, सिंधुबाईनं, विचारलं तेव्हा कुठं तिला कळलं, आणि मग ती सबंध सकाळ उगाचच लाजत राहिली.

त्यानं म्हैस कोंडवाड्यात घातली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून कापलेल्या गवताचा भारा तारेच्या कुंपणाशी दिसायला लागला. रतन तो उचलायला जाई. भारा हलका असला तरी तिला तो उचलायला वेळ लागे, आणि त्यालाही नेमकं तेव्हाच कुंपणाजवळ काहीतरी काम निघे. कधी तो निरवांगीच्या आपल्या आईबद्दल, लग्नाच्या दोन बहिणींबद्दल बोले. कधी ती बाजारात आपल्या परसातल्या वांग्याला आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवी. एकदा साहेब लवकर घरी गेले तेव्हा त्यानं तिच्या हातात चेंडू मारायची काठी दिली. पहिल्या फटक्याला नुसती धूळ उडाली. दुसऱ्या फटक्याला चेंडू उडाला तो थेट कॅनॉलात.

"आता काय सांगायचं साहेबाला?" तिनं घाबरून विचारलं.

"म्हैशीनं गिळला म्हणून सांगू," तो म्हणाला. गवताला पाणी मारायची नळी त्यानं वर धरली होती, आणि उन्हात तिच्या केसांवर बारीक तुषार पडत होते. ती बाजूला सरली नाही. त्यानंही नळी फिरवली नाही.

एक गोष्ट दोघंही बोलत नव्हती. तीन उन्हाळ्यांमागे दुष्काळात महिपतीचा बैल त्या हिरवळीवर गेला होता. कोंडवाड्यात पाण्यावाचून तो दगावला. बैल नेऊन बांधणारा जयवंताच होता. महिपती त्यानंतर खचला. दोन खोंडं आणली, पण उरलेल्या तुकड्यातही नांगराला हात लावेना.

मग साल पालटलं, इंग्रजांचं राज्य गेलं. जुने गोरे साहेब एकेक करून निघाले. नव्यांना खेळाची फारशी हौस नव्हती. कराराची मुदतही सरत आली, आणि पारावर, चावडीत, भाजीच्या बाजारात एकच विषय झाला : चेंडूच्या रानाचं पुढं काय? कारखान्याचं म्हणणं, तिथं ऊस लावू. गाव म्हणे, रानं ज्याची त्याला परत द्या. दोन्ही बाजू ऐकायला प्रांतसाहेब येणार, असं ठरलं.

ते यायच्या आदल्या दिवशी जयवंता कुंपणाशी उभा होता. भारा नव्हता.

"महाबळेश्वराकडं बी असंच मैदान हाय," तो म्हणाला. "साहेबानं माझं नाव सुचवलंय. राहायला खोली देत्यात." बोटांनी तो तारेवरचा गंज खरवडत राहिला. "रतन... माझ्यासंगं येशील?"

तिला लगेच हो म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण मागं घरात खाटेवर बसलेले आबा डोळ्यांपुढं आले.

"तुमीच ऱ्हावा की हितं."

"कसा ऱ्हाऊ? गावाची जनावरं मी बांधलीत. अन् तुझ्या आबांचा बैल..." तो थांबला. "तुला ठावं न्हाय."

"पैल्या दिसापासनं ठावं हाय."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "मग?"

"राग धरून बघितला," ती म्हणाली. "जमला न्हाय." उद्या सांगते, एवढं बोलून ती वळली.

त्या संध्याकाळी तिनं आबांना जयवंताशी लग्नाचं विचारलं. महिपती रागावला नाही. माणूस कष्टाळू आहे, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. पण त्याला पाहिलं की मला माझा बैल दिसतो, म्हणाला, त्याच्यासोबत एका पंगतीला बसून मला घास उतरायचा नाही. सिंधुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं सगळं गाव जमलं. एका बाजूला गाव, एका बाजूला कारखान्याची माणसं. त्यांच्यात मागं जयवंता. प्रांतसाहेबांनी निवाडा सांगितला. ज्याच्या घरचं माणूस रान स्वतः कसेल, त्याला ते परत मिळेल. बाकीचं कारखान्याच्या उसाला. एकेकाचा मुलगा, पुतण्या पुढं येऊन हो म्हणाला. महिपतीला मुलगा नव्हता. त्याचं नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही. महिपतीनं मान खाली घातली. त्याची ती वाकलेली मान रतनला बघवेना.

"मी कसणार," ती म्हणाली.

बायकांत कुजबुज झाली. म्हातारे सावळारामतात्या पंचांमध्ये बसले होते. ते मायेनंच बोलले, पण रोखठोक.

"पोरी, उद्या लगीन हून परगावी गेलीस म्हंजी? रान पडीक पाडायचं का?"

रतननं वर पाहिलं. गर्दीच्या पलीकडं जयवंता उभा होता. तो मान हलवत नव्हता, खुणावत नव्हता... नुसता वाट बघत होता.

"मी कुठं जाणार न्हाय," ती म्हणाली.

कारकुनानं नोंद केली. रान महिपतीचं झालं. लोक पांगले तेव्हा जयवंता तिथं नव्हता.

वैशाखात कॅनॉलचं पाणी देऊन रान भिजवलं, नांगरण्याजोगा वाफसा आला, आणि एका सकाळी रतननं खोंडं जुंपली. महिपती बांधावर येऊन बसला. पण इतक्या वर्षांच्या गवतानं मुळ्या अशा घट्ट विणल्या होत्या की नांगराचा फाळ आत शिरेना. ती पुन्हा पुन्हा जोर करी, फाळ वरच्या वर घसरे. तळहात सोलवटले.

त्याच वेळी जयवंता मैदानाचं उरलंसुरलं काम आवरून, महाबळेश्वराला जायला ट्रंक घेऊन एसटीच्या वाटेनं निघाला होता. तो थांबला. ट्रंक खाली ठेवली, आणि काही न विचारता येऊन नांगराच्या रुमण्यावर तिच्या हाताशेजारी हात ठेवला. दोघांचा भार पडला तसा फाळ आत गेला. हिरवळ फाटली, खालची काळी माती वर आली. त्यानंच राखलेलं गवत त्याच्याच हातानं उलटं पडत होतं. पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, असं दोघांनी मिळून काढलं. मनगटाला मनगट लागत होतं, आणि दोघंही समोर, खोंडांच्या पाठीकडं बघत होती.

"मला तुमी बी पायजे हुता," ती हळूच म्हणाली. "अन् रान बी. दोन्ही मागायचा धीर न्हाय झाला."

"रान मागितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. थोडं हसला. "थंड हवेच्या गावाला तुझं वांगं आलं नसतं."

ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

तास संपलं तेव्हा बांधावर महिपती उठून उभा राहिला होता. हातात पाण्याचा तांब्या. तो त्यानं जयवंतापुढं केला. जयवंतानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, खाली बसून पाणी प्यायला आणि महिपतीच्या पायांना हात लावला. महिपतीचे ओठ हलले. काहीतरी म्हणायचं होतं त्याला... पण वळणावर गाडीचा भोंगा वाजला.

जयवंतानं ट्रंक उचलली. एकदा रतनकडं पाहिलं, आणि तो भरभर चालू लागला. गाडी थांबली, सुटली. धुळीचा लोट कितीतरी वेळ रस्त्यावर तरंगत राहिला.

"थांब म्हणायला पायजे हुतं मी त्याला," महिपती म्हणाला. "पोरी... चुकलं माझं." तो पुढं आला आणि रुमण्याला हात लावू लागला.

रतननं तो हात अलगद बाजूला केला.

"आबा, तुमी सावलीला बसा. मी हाय."

तिनं खोंडं वळवली, फाळ नव्या तासाला लावला आणि त्यांना हाक द्यायला तोंड उघडलं. नजर रस्त्यावरच्या धुळीकडं गेली. मग तिनं नुसता कासरा ओढला, आणि खोंडं चालू लागली.