भोवऱ्याच्या टोप्या

बाळ जन्मलं की सुप्रिया चार गोष्टी पाहायची. रडणं, वजन, हातापायांची बोटं आणि टाळू. ओतूरच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेल्या त्या छोट्या प्रसूतिगृहात ती नऊ वर्षं नर्स होती, आणि या चार गोष्टींचा क्रम तिने कधी बदलला नव्हता. त्या झाल्या की बाळाच्या डोक्यावर टोपी चढवायची. थंडीच्या दिवसांत पाटाच्या पाण्यावरून येणारा गारवा त्या इमारतीच्या भिंतींतूनही आत शिरायचा.

टोप्या डिंगोऱ्याहून येत. झुंबरबाई नावाची म्हातारी त्या विणायची. नवरा होता तोवर तिच्या घरी शंभरेक मेंढरं होती, आता सात उरली होती. टोपीला बाजारची पांढरी मऊ लोकर, आणि तिच्यातून घरच्या मेंढीच्या काळ्या लोकरीची एकच रेघ. ती काठापासून निघायची आणि गोल गोल वर चढत माथ्यावर मिटायची. घरची लोकर टोचते म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर. बाया तिला भोवऱ्याची टोपी म्हणायच्या. एवढं कशाला करता, असं विचारलं तर म्हातारी म्हणे, "हात गप बसत न्हाईत."

कार्तिकात एका मुलीच्या डोक्यावरचा भोवरा उलटा निघाला. बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, एखाद्याचा उलटा, हे सुप्रियाला ठाऊक होतं. टोपी घालताना तिला दिसलं, की टोपीवरची रेघही उलटीच फिरते आहे. तिने ते सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात एका मुलाच्या डोक्यावर दोन भोवरे निघाले. त्याची आजी लगेच म्हणाली, "ह्याची दोन लग्नं व्हनार बघा." सगळ्या हसल्या. सुप्रियाने गठ्ठ्यातून हाताला आली ती टोपी काढली. तिच्यावर दोन काळे भोवरे होते, शेजारी शेजारी.

मग तिने तपासायचं ठरवलं. टोप्या पिशवीत उलट्यासुलट्या मिसळल्या. न बघता काढायला लागली. एकदा तर झाडलोट करणाऱ्या मावशींना काढायला लावली. तेरा बाळं झाली. तेरा टोप्या जुळल्या. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. महिन्याच्या सुरुवातीला गठ्ठ्यात जेवढ्या टोप्या येत, तेवढीच बाळं त्या महिन्यात जन्मत. ना एक जास्त, ना एक कमी.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? टोप्या डोक्यांना नीट बसत होत्या.

पौषातल्या गठ्ठ्यात एक टोपी माथ्यावर उघडी होती. काळी रेघ मध्येच थांबलेली, शेवटचे टाके एका दोऱ्यावर ओवून तसेच सोडलेले. मधे रुपयाएवढं भोक. म्हातारी विसरली असेल, म्हणून सुप्रियाने ती खाली सारून ठेवली. महिनाअखेरीला तीच उरली.

त्या टोपीचं बाळ रडलं नाही. डॉक्टर मॅडम पाऊण तास झटत होत्या. कोणाची काही चूक नव्हती. कधी कधी असं होतं.

माघात सहा टोप्या आल्या. सुप्रियाने गठ्ठा सोडला आणि आधी माथेच पाहिले. सहावी उघडी होती.

त्या महिन्यात सहा जणींच्या तारखा होत्या. शेवटची दिशाची. दिशा म्हणजे सुप्रियाच्या धाकट्या भावाची, हनुमंतची बायको. दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता, आणि ही तिसरी खेप होती. सोनोग्राफी चांगली होती, ठोके चांगले होते. तरी सुप्रियाने एकदा विषय काढून पाहिला, की पुण्याच्या दवाखान्यात नाव घालूया का.

"कशाला ओ ताई?" दिशा म्हणाली. "तुमी हाय की हितं."

पाच बाळंतपणं सुखरूप झाली. पाच टोप्या जुळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुप्रिया गाडीवरून डिंगोऱ्याला गेली.

झुंबरबाई अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर चार बारीक सुया, त्यांवर नुकताच घातलेला काठ. मेंढरं वाघुरीच्या जाळीत कोंडलेली होती. बिबट्याचा माग दिसल्यापासून ती त्यांना उशिरा सोडायची. सुप्रियाने टोपी पुढे धरली.

"आजी, ही अर्धीच राहिलीय."

म्हातारीने टोपीकडे पाहिलंही नाही. "अर्धी न्हाई ती. तेवढीच हाय."

"मागच्या महिन्यात पण एक तशी होती."

"व्हती."

"टाके बंद करून द्या की हिचे."

"आगं, मी काय मुद्दाम सोडते का?" म्हातारीच्या सुया थांबल्या. "दोन दिस बसले हुते तिला घिऊन. सुई पुढं सरकंना. जोर लावला तर बोटात घुसली." तिने अंगठा दाखवला. नखाखाली काळंनिळं झालं होतं.

"मग मी बंद करते."

आता म्हातारीने मान वर केली. सुप्रियाच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं.

"विणता येतंय तुला?"

"होस्टेलला शिकले होते. टोप्या येतात."

"मग कर. पर कुठं थांबायचं ते कळंल का?"

"शेवटच्या आठ टाक्यांतून दोरा ओवायचा आणि आवळायचा."

"ते टोपीचं झालं," झुंबरबाई म्हणाली. मग उठली, आत जाऊन काळ्या लोकरीचं एक लहानसं गुंडाळं घेऊन आली. "हीच लाव. बाजारची धरायची न्हाई." आणि पुन्हा सुया उचलून विणायला लागली.

पिंपरी पेंढारला घरी येऊन, दुपारी ओट्यावर बसून सुप्रियाने टोपी पुरी केली. सुई कुठे अडली नाही. उलट फार सहज जात होती. काळी रेघ वर चढत गेली. आठ टाके उरले तेव्हा तिने दोरा ओवला आणि आवळला, पण भोक मिटलं नाही. पुन्हा सोडून आणखी एक फेर घातला. मग आणखी एक. तिसऱ्या फेरानंतर माथा बंद झाला. टोक तिने आत खुपसलं. मग पाहिलं तर झुंबरबाईची रेघ डावीकडे फिरत आली होती, आणि तिथून पुढे तिची स्वतःची उजवीकडे वळली होती. उसवावं का, असा विचार तिने केला. उसवलं नाही.

तीन दिवसांनी दिशाला कळा सुरू झाल्या. बाहेर बाकावर हनुमंत बसला होता. अकराच्या सुमाराला बाळ आलं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे.

वेढे सोडवले. बाळ रडलं नाही.

मॅडमनी तळवे चोळले, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. सुप्रिया ठोके मोजत होती. ठोके होते, पण उतरत होते.

एक मिनिट झालं.

तिने ट्रेमधली टोपी उचलली.

"अगं, टोपी नंतर," मॅडम म्हणाल्या.

केस अजून ओले होते. सुप्रियाने टोपी त्यांवर ओढली, कानांपर्यंत.

मुलगी रडली.

रडणं, वजन, बोटं. सगळं ठीक होतं. टाळू पाहायला सुप्रियाने टोपी वर केली. केसांचा भोवरा डावीकडे फिरत होता आणि माथ्यापाशी येऊन उजवीकडे वळत होता. असा भोवरा तिने कधी पाहिला नव्हता. तिने टोपी खाली ओढली.

मुलीचं नाव समृद्धी ठेवलं. ती चांगली वाढली. पालथी पडली, रांगली, हनुमंतच्या मिशा ओढायला लागली. फक्त टाळू लवकर भरली, एवढंच सुप्रियाला जाणवलं. चौथ्या महिन्यातच बोटाला मऊ लागेना. डॉक्टरांनी डोक्याचा घेर मोजला आणि काळजीचं काही नाही म्हणाले. डिंगोऱ्याहून टोप्या येत राहिल्या. सुप्रिया त्या घालत राहिली, पण डोकी पाहायचं तिने सोडून दिलं.

दिवाळीनंतर, नवव्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं. सकाळी दहाला अंगणात पाट मांडला. दिशाचा भाऊ भाचीला मांडीवर घेऊन बसला. आत्या म्हणून सुप्रिया पदर पसरून समोर. भिमाजी न्हाव्याने कानामागून सुरुवात केली. त्याचा हात हलका होता, समृद्धी रडलीसुद्धा नाही. मऊ केस पदरात पडत राहिले. माथ्यापाशी येऊन वस्तरा थांबला.

भिमाजीने बोटाने केस बाजूला केले. वाकून पाहिलं.

"ताई, हे काय हाय?"

टाळूच्या मधोमध एक काळा धागा वर आला होता. केसांपेक्षा जाड, राठ. बोटभर लांब. बुडाशी कातडी नीट मिटलेली होती, ना लाली, ना सूज. सुप्रियाने चिमटीत धरून पाहिला. मेंढीची लोकर होती.

"वढू का?" भिमाजीने विचारलं.

"नको."

"मग कापतो बुडातून."

"नको. राहू द्या तेवढं."

भिमाजीने त्याच्याभोवती रुपयाएवढे केस ठेवले, जशी शेंडी ठेवतात. दिशाच्या भावाला ती गंमत वाटली, त्याने फोटो काढला. मग पुरणपोळीचं जेवण झालं, पाहुणे गेले. समृद्धी खाली मान घालून खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत होती. तिला कुठे दुखत नव्हतं.

चारच्या सुमाराला दिशाने तिला अंघोळ घातली. सुप्रिया ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने दिशा लेकीला टॉवेलात गुंडाळून दारात आली. तिने बाळाचं डोकं सुप्रियाकडे वळवून धरलं.

"ताई," ती म्हणाली, "सकाळी ह्यो धागा बोटभर व्हता ना? आता पेराएवढाच राह्यलाय. आन् मी बघत व्हते तवा बी, विणताना दोरा सरकतो ना, तसा हळूहळू आत चालला व्हता."