पन्नास दगडांची दिशा

बाईंचा माणसांपेक्षा मातीवर जास्त विश्वास होता. माती निदान सबबी सांगत नसे. त्या गावाच्या डोक्यावरचा उतार हिमयुगातला. बर्फाने रेटत आणून दाबून बसवलेली दगडगोट्यांची माती. ती जागची हलली आहे का, हे ओळखणं हा बाईंचा पेशा. पद्धत सोपी. खड्डा खणायचा, भिंतीत रुतलेले पन्नास लांबट दगड निवडायचे आणि प्रत्येकाचं निमुळतं टोक कुठे वळलंय ते होकायंत्राने मोजायचं. बर्फाने ठेवले तसेच असतील, तर बहुतेक एकाच दिशेला. उतार कधी घसरला असेल, तर शाळा सुटलेल्या पोरांसारखे चहूकडे.

उताराखाली तीस घरं होती. अकरावं बाईंच्या दादाचं. घरं ठेवायची की रिकामी करायची, हे शुक्रवारी बाईंनी सही करून सांगायचं होतं.

सोमवारी पहिल्या खड्ड्यात शेहेचाळीस दगड ईशान्येला निघाले.

"घट्ट आहे," बाई म्हणाल्या.

नोंदी घेणाऱ्या सहकाऱ्यांना कचेरीत सगळे मास्तर म्हणत, कारण ते प्रत्येक आकडा दोनदा वदवून घेत. "घट्ट ना? घट्ट," म्हणत त्यांनी वही मिटली.

मंगळवारी दुसऱ्या खड्ड्यात पन्नासच्या पन्नास दक्षिणेला.

"पन्नास?"

"पन्नास."

"मॅडम, आपल्या कचेरीत पंखा लावायचा की नाही यावरसुद्धा पन्नास जणांचं एकमत होत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. कमरेला लोखंडी हातोडा तसाच लटकत होता. होकायंत्राजवळ लोखंड नेणं म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक. हातोडा गाडीत ठेवून त्यांनी पुन्हा मोजलं. दक्षिणच. मग सोमवारच्या खड्ड्यात उतरल्या. तिथले दगड भिंतीत जसेच्या तसे रुतलेले, माती तशीच कडक. फक्त आता सगळे नैर्ऋत्येला वळलेले.

नकाशावर दोन्ही खड्ड्यांतून रेषा ओढल्या. त्या अकराव्या घरावर एकमेकींना छेदत होत्या.

"ही घसरण आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"घसरलेले दगड विखुरतात."

"मग हे काय करतायत?"

बाईंना तीस वर्षांत कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दादाला फोन लावला.

"चार दिवस माझ्याकडे राहायला ये."

"का? डोंगर येतोय का खाली?"

"माहीत नाही."

"ढेकळे, जन्मभर चिखल उपसलास आणि उत्तर काय, तर माहीत नाही!" लहानपणी बाई खिशात मातीची ढेकळं घेऊन झोपत, तेव्हापासूनचं हे नाव.

तरी बुधवारी दादा आला. सोबत एक पिशवी आणि स्वतःची उशी. दुसऱ्याच्या उशीवर त्याची मान धरते. बाईंचं घर उताराच्या पार पलीकडे, शहराच्या उत्तर टोकाला. त्या रात्री बाईंना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

गुरुवारी सकाळी त्या दुसऱ्या खड्ड्यात उतरल्या. पन्नासही दगड उत्तरेला.

मास्तरांनी आकडा दोनदा विचारला नाही.

बाईंनी नकाशावर पट्टी ठेवली. रेषा अकराव्या घराकडे पाठ फिरवून निघाली, टेकडीवरून, रुळांवरून, बाजारावरून गेली आणि बाईंच्या इमारतीवर येऊन थांबली.

"बाकीच्या एकोणतीस घरांचं काय लिहायचं?" मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी फोन लावला.

"दादा, कुठे आहेस?"

"तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. दूध संपलंय तुझ्याकडचं. दुकान कुठल्या हाताला?"

बाई समोरच्या दगडाकडे बघत होत्या. त्याच्या टोकाशी मातीत एक बारीक फट होती. मघाशी ती नव्हती.

"अगं, डावीकडे की उजवीकडे?"

"तिथेच थांब."

"रस्त्याच्या मधोमध? गाड्या हॉर्न मारतायत. जातो मी उजवीकडे."

फोनमध्ये त्याच्या चपलांचा आवाज येऊ लागला.

खड्ड्यात वारा नव्हता. त्या पावलांसरशी पन्नासही दगडांच्या एकाच अंगाने माती भुरभुरत खाली पडू लागली.