मोठे डॉक्टर गोड बोलले

ही गोष्ट रचलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी मावशी आजही त्याच दवाखान्यात बसते.

दवाखाना बाजाराच्या टोकाला, छापखान्याला लागून. बाहेर बाकं, आत टेबल, आणि तपासायच्या खाटेपुढे हिरवा पडदा. मावशीचे सासरे तिथे आयुष्यभर बसले. सगळा गाव त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचा.

माणूस भलताच तापट.

"जिना चढताना धाप लागते? मग वजन कोणी कमी करायचं, मी?" असा आवाज आतून आला की बाकावरचे लोक तोंडाला रुमाल लावून हसायचे.

पण घरच्यांना एक गोष्ट ठाऊक होती. मोठे डॉक्टर ज्याच्यावर ओरडायचे, त्याला काही धोका नसायचा. ज्याच्या हातात फार दिवस उरलेले नसायचे, त्याच्याशी ते गोड बोलायचे. पाठीवर दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "काही झालेलं नाही तुम्हाला. निश्चिंत घरी जा." मग नातेवाइकांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचे.

स्वतःच्या मुलाशी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याशी, माझ्या काकांशी, ते जन्मात कधी गोड बोलले नाहीत. काका डॉक्टर न होता शाळेत मास्तर झाले, हा राग शेवटपर्यंत गेला नाही. मोठ्या डॉक्टरांच्या जागी सून, म्हणजे मावशी, डॉक्टर म्हणून बसली.

मोठे डॉक्टर गेले, त्या वर्षीही शाळेच्या हॉलमध्ये मोफत तपासणीचं शिबिर झालं. गाव नेहमीसारखा राबला. बेकरीवाल्या काकूंनी पाव पाठवले. न्हाव्याचा आवाज गावात सगळ्यात मोठा, म्हणून नावं पुकारायचं काम त्याच्याकडे. शिंपीदादांनी सवयीने दोन पडदे बांधले. एकामागे मावशी. दुसऱ्यामागे रिकामं स्टूल.

दुपार होती. हॉल माणसांनी भरलेला.

आणि दुसऱ्या पडद्यामागून आवाज आला...

थप... थप.

कोणीतरी स्टूल झटकत असेल, असं मावशीला वाटलं. तेवढ्यात शर्टाची बटणं लावत शिंपीदादा तिथून बाहेर आले.

"दादा, तिकडे कशाला गेला होतात?"

"मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं ना," ते सहज म्हणाले. मग स्वतःच गोंधळले. "म्हणजे... ते तर... पण बोलले हो माझ्याशी. किती गोड बोलले! स्टेथोस्कोप तेवढा फार गार लागला."

मावशीने पडदा बाजूला केला.

कोणी नव्हतं. स्टुलावर धुळीचा थर, त्याला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

तिने दादांना तिथेच तपासलं. काही सापडलं नाही. तरी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा म्हणून ती हात जोडून मागे लागली. दादा हसले. मोठे डॉक्टर ठीक म्हणालेत म्हटल्यावर सूनबाईंचं कोण ऐकतो!

त्याच आठवड्यात ते शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेले.

मग बेकरीवाल्या काकू. त्या दवाखान्यातल्या पडद्यामागून बाहेर आल्या... चेहऱ्यावर तेच समाधान. मावशीने त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. स्वतः गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. सगळे रिपोर्ट चांगले आले.

परतीच्या वाटेवर काकूंनी मावशीच्या खांद्यावर मान टाकली. ती पुन्हा उचललीच नाही.

मावशीने पडदा काढला, घडी करून कपाटात कोंबला आणि कुलूप लावलं.

दवाखाना बंद करायला रोज संध्याकाळी काका जायचे. एके दिवशी त्यांना उशीर झाला. घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. डोळे ओले होते आणि ते हसत होते.

मावशीच्या हातातलं भांडं निसटलं.

"नाही," ती म्हणाली. "अहो, नाही म्हणा."

"बाबा म्हणाले, सगळं छान सांभाळलंस." काकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "शाळेतली मुलं तुझं नाव काढतात म्हणाले. मला, गं! पाठीवर हात ठेवला."

"त्याचा अर्थ ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "पण किती वर्षं वाट बघितली होती मी."

मावशी अनवाणी धावत सुटली.

दवाखान्याचं दार उघडंच होतं. आत अंधारून आलेलं.

पडदा पुन्हा लावलेला होता...

ती त्याच्यापुढे मटकन खाली बसली. "बाबा, पाया पडते तुमच्या. त्यांच्यावर ओरडा. नालायक म्हणा, काहीही म्हणा. एकदाच ओरडा!"

पडदा हलला नाही. शेजारचं छापायचं यंत्र थांबलं, तेवढाच काय तो फरक.

किती वेळाने कोण जाणे, मागून काका आले. "चल घरी," म्हणाले.

काकांचेही सगळे रिपोर्ट चांगले आले. मावशी त्यांना घराबाहेर पडू देत नव्हती. पण मुलांची परीक्षा तोंडावर आली म्हणून ते शाळेत गेलेच. फळ्यावर गणित सोडवता सोडवता खडू हातातून पडला. पोरांना वाटलं, सर खडू उचलायला वाकलेत.

गावाने खूप केलं. कोणी ना कोणी मावशीच्या सोबतीला असायचं, डबा यायचा. आता तेही आपापल्या कामाला लागलेत. मावशी दवाखाना चालवते. पडदा तिने परत काढला नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. शेवटचा पेशंट गेला आणि ती मला म्हणाली, "बस बाहेर, आलेच मी." ती पडद्यामागे गेली. खाट करकरली.

"बाबा," तिचा आवाज आला. "आज तरी माझ्याशी गोड बोला."

मी श्वास रोखून बसले.

आणि मग ऐकलं... शपथेवर सांगते, मी स्वतः ऐकलं.

"काय अवतार केलायस हा! वेळेवर जेवायला काय होतं? ऊठ आधी तिथून!"

तो म्हातारा, चिडका आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

मावशी बाहेर आली. तिने लाइट बंद केला, कुलूप लावलं. रस्त्याला लागल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाली,

"अजून ओरडतातच गं."