हाकेच्या अंतरावर

उद्या सकाळी लवकर उठून त्या समुद्रातल्या खडकावरच्या दिव्याकडे, जुन्या दीपस्तंभाकडे, चालत जायचं, असं तिघी मुलींचं ठरलं, तेव्हा मामा पायरीवर बसून गाडी पुसायचं फडकं झटकत होता. तिघींपैकी एक त्याची सख्खी भाची, बाकीच्या दोघी तिच्या कॉलेजातल्या. पण दोन दिवस त्याच्या गाडीतून सगळा किनारा पालथा घातल्यावर तो तिघींचाही मामा झाला होता.

चालत कशाला, गाडीने पुलापर्यंत सोडतो, तिथून बघा, असं मामा म्हणाला. मुलींनी गिल्ला केला. मामाला पेट्रोल जाळल्याशिवाय झोप येत नाही, असा टोमणाही मारून झाला.

"इथून दिसतोय की, मामा," भाची म्हणाली. "अगदी हाकेच्या अंतरावर."

मामाच्या हातातलं फडकं थांबलं.

"हा शब्द कुणी तपासून वापरत नाही," तो म्हणाला. मग त्याने वर व्हरांड्यातला दिवा बघितला, तो चालू आहे याची खात्री केली, आणि सांगायला लागला.

दोन खाड्या सोडून पलीकडे असाच एक सुट्टीचा बंगला आहे, समोर खडकावर असाच एक दिवा. तिथे देखभालीला मामाचा मित्र होता. मालक लांब शहरात, त्यामुळे चाव्या, चादरी, गरम पाणी, पाहुण्यांची कुरकुर, सगळं त्याच्याच गळ्यात. पाहुणे त्याला भाऊ म्हणायचे, तेच नाव पडलं.

गोष्ट गेल्या वर्षीची. नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. काम साधं होतं. मालकाचा फोन आला की खोलीतली माहितीची वही जुनी झालीय, नवी टाईप करून घे. कुठे काय बघायचं, बस कुठून मिळते, होडी किती वाजता सुटते, असली ती वही. भाऊनेच लिहिलेली, आणि त्याला तिचा भारी अभिमान. आता अशा वह्यांची भाषा तुम्हाला माहीतच आहे, मामा म्हणाला. समुद्र कायम पाच मिनिटांवर. भरतीला पाच, ओहोटीला पंचवीस.

भाऊने वही उघडली आणि पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. त्याला त्या दिसणारच होत्या. म्हणून तर वर्षभर त्याने ती उघडली नव्हती.

आदल्या वर्षी, याच तारखेला, बंगल्यात एक म्हातारं जोडपं उतरलं होतं. काका छापखान्यात मुद्रितं तपासणारे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचा. दोन दिवसांत त्यांनी अख्खी वही तपासली. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार. दर तासाला हाक यायची, "अहो भाऊ, जरा येता का?" आणि भाऊ हातातलं काम टाकून गेला, की एक वेलांटी दाखवायचे. सुट्टीवर आलाय की पेपर तपासायला, असं भाऊ मनातल्या मनात म्हणायचा.

एका ओळीपाशी मात्र ते अडले होते. 'खडकावरचा जुना दिवा. हाकेच्या अंतरावर. ओहोटीला पायी जाता येते.' समासात त्यांनी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. हे मोजलंय का कुणी, असं विचारलं. आज जाऊन बघतो, म्हणाले, मग ठेवू नाहीतर काढू.

संध्याकाळी ते गेले ते आलेच नाहीत. भरतीने खडकाची वाट गिळली. सकाळी मासेमारीच्या होडीला सापडले.

पोलिसांनी भाऊला विचारलं, काही ऐकलं होतं का. भाऊ नाही म्हणाला.

तर, मंगळवारी भाऊ वही पुढ्यात घेऊन बसलेला, आणि दारात गाडी थांबली. गाडी मामाचीच. आरक्षण कुठल्याशा मुलीच्या नावावर होतं, पण उतरल्या त्या काकू, वर्षापूर्वी काकांबरोबर आलेल्या. भाऊच्या हातातली चावी खाली पडली. मामा त्यांना सोडून निघून आला. पुढचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, थोडं भाऊकडून, थोडं काकूंकडून.

जेवण झालं. नऊ वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. भाऊने मेणबत्ती लावली. टेबलावर वही, अलीकडे तो, पलीकडे काकू.

"भाऊ, एकच विचारते," काकू म्हणाल्या. "त्या संध्याकाळी तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

"नाही, काकू."

काकूंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवा हाकेच्या अंतरावर आहे. तुम्हीच लिहिलंय. आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणजे त्यांनी हाक मारलीच नाही." त्या दिवशी सकाळी आपण त्यांना टाकून बोललो होतो, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांच्या चुका काढता काढता एक दिवस एकटे पडाल, असं. नातेवाईक आडून आडून विचारतात, घरात काही झालं होतं का. "ते आपणहून गेले, भाऊ. माझ्या बोलण्याने गेले. एवढं नक्की झालं, की मी पुन्हा येणार नाही."

भाऊ मेणबत्तीकडे बघत बसला.

कारण त्याने ऐकलं होतं. मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालताना, अगदी स्पष्ट. तीनदा. अहो भाऊ, जरा येता का. आता कुठली वेलांटी सापडली, असं म्हणून त्याने रेडिओचा आवाज वाढवला होता. बुडतानासुद्धा त्या माणसाने 'जरा' म्हटलं होतं. सकाळी पोलिसांपुढे एकदा नाही म्हणून गेला, आणि मग त्या नाहीला पाय फुटले. ते चालत चालत काकूंच्या घरापर्यंत गेलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

त्याने वही मिटली. बाहेर भरती लागली होती.

"अहो भाऊ…"

लांबून. खडकाच्या बाजूने.

भाऊने काकूंकडे पाहिलं. त्या मेणबत्तीचं मेण बोटाने खरवडत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

वारा असेल. भाऊ उठला. खिडकी लावली. कडी घातली.

"अहो भाऊ…"

आता वाळूवरून. भाऊने रेडिओकडे हात नेला. वीज नव्हती. हात तसाच राहिला…

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

काही नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

पायरीवर पाणी ठिबकत होतं. एक थेंब. मग एक. मग दारापाशी. मग दाराच्या आत… दार तर बंद होतं.

मेणबत्ती हलली नाही.

काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. हाक तिथून आली. हळू. चारचौघांत कुणाला अडचण नको म्हणून माणूस बोलतो, तशी.

"जरा येता का?"

"ओ," भाऊ म्हणाला.

काकू दचकल्या. "कुणाला ओ देताय?"

"ऐकलं होतं मी, काकू." भाऊ म्हणाला. "तीनदा. त्यांनी हाक मारली होती. ते परत यायला बघत होते. मी… मी गेलो नाही."

पाणी ठिबकायचं थांबलं होतं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"अहो भाऊ, जरा येता का."

"जरा म्हणाले?"

"हो."

"मग तेच होते," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून वर्षभराचं रडल्या. भाऊला त्यांनी माफ केलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. मेणबत्ती संपेपर्यंत दोघं तिथेच बसून होते, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे कुणीच बघत नव्हतं.

सकाळी मामा गाडी घेऊन गेला, तेव्हा दोघं टेबलापाशी उभे. भाऊ म्हणाला, रात्री वही मी मिटून ठेवली होती. आता ती उघडी होती. त्याच पानावर.

भाऊकडे पेन्सिल नव्हती. काकूंच्या पिशवीत चष्मा आणि औषधं, बाकी काही नाही.

समासातलं प्रश्नचिन्ह कुणीतरी नीट, कागद न दुखावता खोडलं होतं. त्या जागी बरोबरची बारीक खूण. मामाने जवळ जाऊन बघितलं. काकूंनी पानावरून बोट फिरवलं.

रबराचा चुरा अजून ओला होता.