रांजणखळग्याला दिलेला शब्द

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी साडेतीनची आहे. ऊन होतं. आसपास माणसं होती. एक आजोबा कुत्र्याला घेऊन फिरत होते.

तरीही हे घडलं. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या बाबतीत घडलं, आणि यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही.

१२ ऑक्टोबर २०२५. रविवार.

आम्ही म्युनिकजवळ गार्चिंगला राहतो. मी नंदिनी, सॉफ्टवेअर टेस्टर. नवरा प्रताप, मेकॅनिकल इंजिनियर, म्हणजे जगातल्या कुठल्याही गोष्टीला "त्याचं कारण सोपं आहे" म्हणणारा माणूस. मुलगी अन्वी, पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून उत्तर येतं ते जर्मनमध्येच.

आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, यमुनाबाई. त्यांनी शिरूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. देवधर्म बेताचाच. भुताखेतांचं तर नावही काढायचं नाही त्यांच्यासमोर.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी मुलांना घेऊन जाईल.

आल्प्सच्या पायथ्याशी, आमच्या घरापासून गाडीने दीड तासावर एक राखीव जंगल आहे. आत चालत गेलं की खडकात कोरलेले मोठमोठे गोल खड्डे लागतात. हिमयुगात वितळलेल्या बर्फाचं पाणी वरून कोसळायचं, त्यात दगड गरगर फिरायचे आणि खडक पोखरायचे. तसे झालेले खड्डे. आत डोकावलं तर भिंती अगदी गुळगुळीत.

"अगं, हे तर आपले रांजणखळगे!" आई केवढ्या खूश झाल्या. "निघोजला दरवर्षी सहल न्यायचे मी. तिथे नदीने केले, इथे बर्फाच्या पाण्याने. काम एकच."

प्रत्येक खड्ड्याभोवती लोखंडी कठडा होता. अन्वी कठड्यावरून वाकून "हालोऽ" करायची. खालून "हालोऽ" यायचं. ती खिदळायची. पुढचा खड्डा.

शेवटचा खड्डा जरा बाजूला होता. तळाशी ओली पानं आणि मधोमध एक गोल दगड.

"हालोऽ!"

...

काहीच नाही.

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही.

"त्याचं कारण सोपं आहे," प्रताप म्हणाला. "खाली पानं आहेत ना, आवाज शोषून घेतात."

निघायची वेळ झाली. अन्वीने खड्ड्याला हात केला. "च्युस! इश गे!" म्हणजे टाटा, मी जाते.

आई सवयीने म्हणाल्या, "जाते म्हणू नये बाळा. येते म्हणावं."

आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. दारातून निघताना आपण "येते" म्हणतो, आणि समोरच्याला कळतं की ही निघाली. अन्वीला हे कुठून माहीत असणार? तिने क्षणभर विचार केला. मग कठड्यावर पोट टेकवून पूर्ण वाकली आणि ओरडली,

"इश कोमऽ!"

मी येते. जर्मनमध्ये याचा अर्थ एवढाच होतो. निघते वगैरे काही नाही. थांबा, मी येतेय.

आम्ही तिघं हसलो. मी तिला खाली उतरवलं. आम्ही वळलोसुद्धा.

आणि मग...

"कोम."

खालून. हळू आणि जाड आवाजात.

कोम म्हणजे ये.

प्रताप म्हणाला, शेवटचा शब्द तेवढा परत आला. पण प्रतिध्वनी आमचं हसून होईपर्यंत थांबतो का? आणि माझ्या मुलीचा आवाज पातळ आहे हो...

सोमवारी सकाळी साडेसहाला मी उठले तर अन्वी दाराशी बसलेली. अंगात जॅकेट, पायात बूट, पाठीवर किटाची, म्हणजे बालवाडीची सॅक.

"कुठे चाललीस गं?"

"इश मुस कोमन." मला यायचंय, म्हणाली. "इश हाब्स गेझाक्ट." मी तसं सांगितलंय.

मी बूट काढून ठेवले. हसण्यावारी नेलं.

बुधवारी किटामधून फोन आला. अन्वी अंगणातल्या मागच्या कुंपणावर चढताना सापडली होती. एक बूट पलीकडे पडलेला. बाईंनी विचारलं तर म्हणाली, उशीर होतोय.

त्याच दिवशी तिला घेऊन परत येताना आम्ही भुयारी स्टेशनात उतरलो. तिथे एकदा तरी ओरडायचंच, हा अन्वीचा नेम. जर्मन लोक डोळे वटारतात, पण आम्ही निगरगट्ट आहोत.

ती ओरडली.

आवाज तिच्या तोंडापुढेच संपला.

मला आधी काय चुकलंय तेच कळेना. मग मी ओरडले. माझा आवाज दोन्ही बोगद्यांत घुमून आला. पुन्हा अन्वी... काही नाही. पुन्हा मी. घुमला.

टेस्टर आहे मी. एकदा झालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. सात वेळा करून बघितलं. दोन गाड्या सोडल्या.

सातही वेळा माझ्या मुलीचा आवाज परत आला नाही.

घरी येऊन मी प्रतापला सांगितलं. कारण सोपं होतं म्हणे. ऑफिसचा ताण.

दिवाळीची पहिली अंघोळ. सकाळी सातला मी अन्वीला तेल लावून टबमध्ये बसवलं. अंघोळ झाल्यावर पाणी सोडायला बूच काढलं आणि मोरीच्या भोकातून आवाज आला.

घर्रर्र... घर्रर्र...

दगडावर दगड. जात्यासारखा. पण सावकाश.

अन्वीने मान वाकडी करून ऐकलं. मग माझ्याकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आई, खाली खूप जागा आहे."

जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली होती. किती वाट पाहिली होती मी या दिवसाची! आणि मी आधी ते बूच परत घट्ट बसवलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात पंचा. त्यांनीही ऐकलं होतं, आवाजही आणि वाक्यही. त्यांनी पुढे येऊन अन्वीला पंच्यात गुंडाळलं.

"मीच शिकवलं तिला," म्हणाल्या. "येते म्हण म्हणून."

"आई, असं काही नसतं हो. तुम्हीच म्हणता ना."

"नसतं," त्या म्हणाल्या. "पण तू मला एकदा तिथे घेऊन चल. प्रतापला सांगू नकोस."

मी सुट्टी टाकली. गुरुवारी अन्वीला किटामध्ये सोडलं, बाईंना दहा वेळा सांगितलं की तिच्यावरची नजर हलवू नका, आणि आम्ही दोघी निघालो. दीड तासाने पोचलो. गाडी लावली, मी पट्टा सोडला, तेव्हा त्यांनी विचारलं,

"नंदिनी, 'ती नाही, मी' हे जर्मनमध्ये कसं म्हणतात?"

मला कळलं. लगेच कळलं. नाही कळलं असं मी आता कुणाला सांगू शकत नाही.

आई, भलतं काय बोलताय, असं मी म्हणायला हवं होतं. गाडी वळवायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे तो कुंपणापलीकडे पडलेला बूट होता.

"निश्ट झी," मी म्हटलं. "इश."

"निश्ट झी. इश्श."

"इश्श नाही आई. इश."

दोनदा म्हणून घेतलं मी त्यांच्याकडून. उच्चार नीट व्हावा म्हणून. ही गोष्ट आठवली की आजही मला जेवण जात नाही.

त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं आणि एकट्या पुढे गेल्या. बारीकशा बाई, माझा जुना निळा कोट घातलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज. कठडा धरून उभ्या राहिल्या. वर्गात बोलायच्या तशा खणखणीत आवाजात त्यांचे शब्द ऐकू आले.

"निश्ट झी. इश."

...

खालून काहीही आलं नाही.

पण काहीतरी थांबलं. मी तिथे आल्यापासून एक बारीक घरघर चालू होती आणि ती बंद झाल्यावरच मला कळलं की इतका वेळ ती होती.

आई परत आल्या. "चल," म्हणाल्या. "पोरीला आणायची वेळ होईल."

दुपारी आमच्या इमारतीच्या जिन्यात अन्वी पुढे पळाली आणि वरून आजीला हाक मारली.

"आजीऽऽ!"

तो आवाज चारही मजले घुमला. तळघरापर्यंत गेला आणि परत आला. मी पायरीवर बसून रडले. आनंदानेच रडले, खोटं कशाला सांगू.

मागून आई म्हणाल्या, "अन्वी, हळू गं, पडशील."

जिना गप्प राहिला.

त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांना कळलं होतं. मीही मागे वळून बघितलं आणि आमची नजरानजर झाली.

"कुकर लाव गं," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय."

त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. अन्वी पुन्हा कधी बूट घालून दाराशी बसली नाही. मराठीही बोलली नाही. नोव्हेंबरमध्ये ठरल्या तारखेला सासूबाईंना आम्ही विमानात बसवलं आणि त्या शिरूरला सुखरूप पोचल्या. प्रतापला त्या गुरुवारचं काही माहीत नाही. त्याला वाटतं, मुलगी सुधारली.

मी रोज सकाळी आठला त्यांना व्हिडिओ कॉल करते. तिकडे साडेबारा झालेले असतात, त्या स्वयंपाकघरात असतात. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. कामाच्या बाई अकरालाच जातात.

परवा अशाच बोलत होतो. त्या मेथी निवडत होत्या. बोलता बोलता थांबल्या. मान वळवून मोरीकडे बघितलं आणि कुणीतरी हाक मारल्यावर आपण ओ देतो, तसं सहज म्हणाल्या,

"ग्लाइश."

ग्लाइश म्हणजे आलेच. एवढ्यात येते.

प्रतापला नंतर विचारलं तर तो म्हणाला, तीन महिने राहिली आई इथे, चार शब्द कानावर पडले असतील. कारण सोपं आहे.

असेल. पण मोरीत कोण होतं?

मी काही बोलायच्या आत त्या पुन्हा फोनकडे वळल्या.

"अन्वी बरी आहे ना गं?"

"हो आई."

"मग झालं," म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

मी त्यांना थांबवू शकले असते. अजूनही जाऊन ते शब्द परत घेता येतील का, काय म्हणावं लागेल, कुणी म्हणावं लागेल, हे सगळं मला सुचतं. मग बाजूच्या खोलीत अन्वी हसते आणि मी जागची हलत नाही.

रोज आठला फोन लावते. रिंग वाजत राहते...

त्या उचलतात. अजून तरी उचलतात.