कात्रीसरांचं शेवटचं मूट

जेवणं आटोपली होती. गच्चीवर सतरंजी टाकून भाचरं पसरली होती. धाकट्या भाचीला वकिलीच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, म्हणून मोठा भाचा तिला पिडत होता.

"आता घरात कुणी काही बोललं की ही उठून म्हणणार, ऑब्जेक्शन!"

मामा कठड्याला टेकून बसले होते. विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं नाव निघालं तसे ते जरा सावरून बसले.

"जुन्याच इमारतीत भरतं ना अजून?"

"हो मामा. का?"

"काही नाही. शिक्षण चांगलं आहे तिथलं. फक्त दिवेलागणीनंतर वरच्या मजल्यावरच्या मूटच्या हॉलमध्ये एकटी बसू नकोस."

झालं. आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. मामांनी आधी आढेवेढे घेतले, मग खालच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत सुरुवात केली. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते मामांचे वर्गमित्र. म्हणजे ऐकीव काही नाही. त्यांनी स्वतः मामांना सांगितलेलं. कसं सांगितलं, ते ओघात येईलच.

त्यांना सगळे कात्रीसर म्हणायचे. पुराव्याचा कायदा शिकवायचे. विद्यार्थ्याने वाक्य सुरू केलं रे केलं, की हे मधेच कापायचे. "मुद्दा!" "पुढे!" "हे कुठल्या कलमात?" समोरच्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि बाकीचा वर्ग खो खो हसायचा. वकिलाची कातडी गेंड्याची हवी, असं सरांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे कोर्टात कुणाला बधली नाहीत. पण शिकवायचं म्हणून कापणं वेगळं आणि चटक लागली म्हणून कापणं वेगळं. सरांना चटक लागली होती.

त्या लॉ स्कूलची सुरुवात मुळात संध्याकाळची. कोर्टाच्या मागे दोन खोल्या होत्या. दिवसभर कुठे कारकुनी, कुठे शिकवण्या करणारी माणसं दिवे लागले की तिथे जमायची आणि शिकून वकील व्हायची. मग विद्यापीठाने ते हाती घेतलं, मोठी इमारत बांधली. दिवसाचे वर्ग आले, शाळा संपली की लागलीच घेता येणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला, वरची पदवी आली, तळमजल्यावर गोरगरिबांना फुकट सल्ला देणारं केंद्र आलं. पण संध्यावर्ग चालूच राहिला. कात्रीसर स्वतः त्याच वर्गातले. दिवसा टायपिंग करून संध्याकाळी शिकलेले. आणि विभागप्रमुख झाल्यावर त्यांनी पहिला घाव घातला तो त्याच वर्गावर. "दमूनभागून येतात, बाकावर पेंगतात आणि आपला निकाल खाली ओढतात," असं म्हणाले आणि वर्ग बंद करायचा ठराव करून घेतला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ना.

त्या संध्यावर्गाच्या शेवटच्या तुकडीत एक बाई होती. तिच्या भावाचं लाँड्रीचं दुकान होतं. तिथे ती दिवसभर वकिलांचे काळे कोट इस्त्री करायची. एक दिवस भावाला म्हणाली, दुसऱ्यांचे किती दिवस घडी घालायचे, एक माझाही असू दे. हुशार होती. पेपर सगळे पहिल्या फटक्यात सुटले. राहिलं ते मूट. मूट म्हणजे खोटा खटला. हॉलमध्ये न्यायाधीशाचं उंच टेबल, समोर वकिलाने उभं राहायचा कठडा, मागे बाकं, सगळं कोर्टासारखं. विद्यार्थ्याने उभं राहून बाजू मांडायची आणि सरांनी वर बसून ऐकायची.

बाई बोलताना अडखळायची. एकेक शब्द ओठांवर येऊन थटायचा.

"म... म... महाराज, माझं म्हणणं ए... एवढंच आहे की..."

"एवढंच असेल तर चटकन सांगा."

"महाराज, मा... माझं..."

"बाई, तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत दाव्याची मुदत संपेल!"

हॉल हसून लोळला. सरही हसले. बाई नापास झाली. पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहिली. पुन्हा तेच. तिसरी खेप तर शेवटचीच, कारण त्यानंतर वर्गच राहणार नव्हता. त्या दिवशी सरांनी तिला बोलूच दिलं नाही. तिने तोंड उघडलं की ते घड्याळाकडे बघायचे. मुलांना ती खूण कळली आणि मुलंही आपापल्या मनगटांकडे बघायला लागली. सगळा हॉल. बाई कठडा धरून उभी राहिली, मग खाली उतरली, जिना उतरली, आणि फाटकासमोरचा रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली.

लगेच गेली असती तरी बरं झालं असतं. तीन दिवस हॉस्पिटलात होती. भाऊ तोंडाशी कान लावून बसलेला. ती आपली तेच म्हणायची. महाराज, माझं म्हणणं एवढंच आहे की... आणि पुढचं येईना.

मग गेली. तिचे दिवस झाल्यावर भाऊ सरांकडे आला. सर डबा खात होते.

"सर, तिचं ते वाक्य काय होतं हो? तुमच्यासमोर तीनदा उभी होती. घरात कुणाला चैन नाही. एवढं कळलं तर..."

"मी ते कधी पुरं होऊच दिलं नाही," सर म्हणाले, "मला कसं ठाऊक असणार?" आणि दाराकडे बघून म्हणाले, "पुढे!"

दाराशी कुणी नव्हतं. भाऊ समजला. उठला आणि गेला.

"इतकं कुणी वाईट असतं?" भाचीने विचारलं.

"असतं," मामा म्हणाले. "आणि रात्री छान झोपतंही."

पुढे चार-पाच वर्षं गेली. संस्थेची पंचाहत्तरी आली. तिच्यावर एक छोटी फिल्म करायचं ठरलं. तिचं निवेदन सरांनी लिहिलं, आणि आवाज खणखणीत म्हणून वाचायचंही त्यांनीच. मार्चातला शेवटचा गुरुवार होता तो. अमावास्या-बिमावास्या काही नाही, आकाशात चांगला चतकोर चंद्र होता. सात वाजून गेले होते. दिवसाचा गोंगाट थांबला की रेकॉर्डिंग करू, असं रेकॉर्डिंगवाल्या मुलीने सांगितलं होतं. मूटचा हॉल सगळ्यात शांत. तिने न्यायाधीशाच्या टेबलावर माइक लावला.

"सर, पंखा बंद ठेवते हं, घरघर येते. मी शेजारच्या खोलीत बसते, हेडफोनवर तुमचं सगळं ऐकू—"

"पुढे!" सर म्हणाले.

मुलगी निघून गेली. जाताना दार ओढून घेतलं. हॉलमधले सगळे दिवे चालू होते, हे लक्षात ठेवा. कोपऱ्यातसुद्धा अंधार नव्हता.

सरांनी वाचायला घेतलं. कोर्टामागच्या दोन खोल्या झाल्या. इमारत झाली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वरची पदवी, सल्ला केंद्र, सगळं झोकात वाचलं. मग आलं, "काळाच्या ओघात संध्यावर्ग थांबले."

आणि समोर कुणीतरी घसा खाकरला.

सरांनी वर पाहिलं. बाकं रिकामी. कठडा रिकामा. मुलगी खोकली असेल शेजारी. त्यांनी वाक्य पुन्हा घेतलं. "काळाच्या ओघात..."

"म... म..."

आवाज कठड्यापासून आला. तिथे कुणी नव्हतं. पण सवय वाईट, बघा. सरांच्या तोंडून निघून गेलं, "मोठ्याने!"

"म... महाराज..."

"कोण आहे? काय चावटपणा आहे?"

  मग पुन्हा तेच, पण आता कठड्यापाशी नव्हतं. कठड्याच्या अलीकडे कारकुनाचं टेबल असतं, तिथून आलं.

"महाराज, मा... माझं..."

"मुद्द्यावर या!" सर ओरडले. आता भीतीने ओरडले. पण ओरडले तेच.

आवाज थांबला. आणि सुरू झाला तो सरांच्या टेबलाखालच्या चौथऱ्याच्या पायरीपाशी.

तेव्हा सरांना कळलं. आपण कापलं की ते जवळ येतं.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. खुर्चीचे हात घट्ट धरले. समोर लख्ख उजेड. रिकामी पायरी. आणि त्या पायरीवरून...

"महाराज, माझं म्हणणं ए... ए..."

एक अक्षर. मग गप्प. पुन्हा तेच अक्षर. ऐकवत नव्हतं. सरांना वाटलं, गप्प बसायचं. ओठ शिवून बसायचं. होऊ दे पुरं. पण ते अक्षर संपेना. ए... ए... ए... किती वेळ, देव जाणे. घामाने शर्ट चिकटला. शेवटी राहवलं नाही. ते म्हणाले,

"पास! पास केलं तुला! जा!"

चुकलंच. तेही कापणंच झालं.

आवाज बंद.

बराच वेळ बंद.

सरांनी डोळे मिटले.

मग उजव्या कानाशी... अगदी लागून... श्वास आला. थंडबिंड नाही. कोमट. माणसाचा असतो तसा.

"महाराज, माझं म्हणणं एवढंच आहे की..."

आणि पुढचं. सगळं. न अडखळता. शांतपणे. एका दमात.

सरांनी ते ऐकलं.

शेजारच्या खोलीत त्या मुलीला यातलं सरांचंच बोलणं ऐकू आलं. मोठ्याने. कोण आहे. मुद्द्यावर या. पास केलं, जा. तिला वाटलं, सर कुणाला तरी झापताहेत. मग नुसती शांतता. इतकी लांब की मशीन बिघडलं असं वाटून ती उठणार होती. तेवढ्यात हेडफोनमध्ये सरांचा आवाज आला.

"म... म... म..."

ती धावली. सर खुर्चीतच होते. डोळे उघडे. तिला बघून काही सांगू पाहत होते.

डॉक्टर झाले, मेंदूचे फोटो झाले. कुठे काही नाही. पण त्या रात्रीपासून सरांचं वाक्य पुरं होत नाही. पाणी मागायचं तर 'पा... पा...' आणि संपलं. नोकरी सोडावी लागली. हात मात्र ठीक आहे. मामांना त्यांनी हे सगळं कागदावर लिहून दिलं, ते असं. फक्त ते वाक्य लिहिलं नाही. 'माझं म्हणणं एवढंच आहे की' इथवर पेन सरळ चालतं, आणि पुढे बोटं आखडतात.

लाँड्रीवाल्याला कुठून तरी कळलंच. तो दर रविवारी सरांच्या घरी येतो. खुर्ची ओढतो, सरांच्या तोंडाशी कान नेतो आणि बसतो. वर्षानुवर्षं. सरांना ते वाक्य ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक आहे. सर जिवाच्या आकांताने ओठ हलवतात. डोळ्यांतून पाणी येतं.

"म... महाराज, मा..."

"हो, सांगा. मला घाई नाही," तो म्हणतो.

मामा एकदा नेमके त्याच वेळी तिथे होते. आतून वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडल्या, "अहो, सांगायचं तर सांगून टाका, नाहीतर त्या बिचाऱ्याला जाऊ द्या!" नातवंडं दाराआडून हसत होती. लाँड्रीवाला हसला नाही. जाताना वहिनींना म्हणाला, "येतो पुढच्या रविवारी."

मामा थांबले. 

"मग तो हॉल?" भाचीने हळूच विचारलं. "आता काय आहे तिथे? ती पुन्हा...?"

"पुन्हा कुणाला काही ऐकू आलं नाही. वर्ग भरतात, मूट होतात."

"मग जाऊ नकोस का म्हणालात?"

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"त्या मुलीने सरांना गाडीत घातलं आणि माइक काढायला परत वर गेली. टेबलावर हाताचे ओले ठसे होते. खुर्चीच्या मागे उभं राहून कुणी पुढे वाकावं आणि टेबलावर हात टेकावेत, तसे. तिने पुसले. सकाळी पुन्हा ओले. पुढे सुताराकडून रंधा मारून घेतला, पॉलिश केलं. अजून ओलेच आहेत. सरांचे नाहीत, बोटं बारीक आहेत. बाईच्या हाताची."

"म्हणजे तिचेच," मोठा भाचा म्हणाला. 

"दोन असते तर मीही तेच म्हटलं असतं."

"मग... किती आहेत?"

"तीन," मामा म्हणाले. "दोन उजवे. एक डावा. म्हणजे आणखी एक आहे, आणि तिचं अजून कुणी ऐकलेलं नाही."