जळरेड्याची नवरी

वाऱ्याने उडालेला कागद थेट राजेश्रीच्या धुण्यात येऊन पडला. मागोमाग एक तरणा माणूस घाईने तळ्याच्या पायऱ्या उतरत आला. वालूरचा योगीराज. कॉलेजच्या प्रबंधासाठी तो जळरेड्याच्या, तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या रेड्यासारख्या भुताच्या, गोष्टी गोळा करत हिंडत होता.

"कुणालाच दिसला न्हाई की हो," तो हिरमुसून म्हणाला. "ज्याच्या त्याच्या आज्यालाच दिसलाय."

त्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना. "मला दिसलाय," ती बोलून गेली.

त्याने वही उघडली, तिच्याकडे पाहिलं... आणि लिहायचंच विसरला.

मग दर बुधवारी तो येऊ लागला आणि दर बुधवारी तिला जळरेडा नव्याने आठवू लागला. काळी पाठ, लांब मान, ओल्या घोंगडीसारखे केस, शिंगं कधी सरळ तर कधी वळलेली. ज्या पोरीला जळरेडा दिसतो ती त्याची नवरी, तिला माणसाची हळद लागत नाही, असं गावात म्हणत. राजेश्रीला ते ठाऊक होतं. पण म्हाताऱ्यांच्या गप्पा कोण मनावर घेतं? बुधवारापलीकडचं तिला तेव्हा काही सुचतच नव्हतं.

"वही भरली," पाचव्या बुधवारी तो म्हणाला. "तरी येऊ का?"

"या की," ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "तळं काय आटलं न्हाई अजून."

दिवाळीनंतर त्याने आईला सगळं सांगितलं, भेट कशी झाली तेसुद्धा, मोठ्या कौतुकाने. तिथंच घात झाला. त्याच्या आईचं, सरजाबाईंचं, माहेर राजेश्रीच्याच गावचं. त्यांच्या धाकट्या भावाने अशीच एक 'नवरी' केली होती, आणि वर्षाच्या आत तो या तळ्यात बुडाला होता.

राजेश्री लाज गुंडाळून ठेवून वालूरला गेली, त्यांच्या पाया पडली. "आत्या, मी खोटं बोलले. मला काईच दिसलं न्हाई."

"माझी भावजय बी हेच म्हनली होती, बाई," सरजाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "एकच लेकरू हाय मला."

त्यांनी चहा दिला. निघताना कुंकू लावलं. हळदीला मात्र बोट लावलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी योगीराज शेवटचा आला. वही त्याने तिच्या हातात ठेवली.

"खोटं हाय हे मला पहिल्यापासून ठावं होतं," तो म्हणाला. "दर बारीला शिंगं येगळी."

"मग... कशाला यायचात?"

"तुला बघायला." त्याने मान खाली घातली. "पन आई दोन दिस झाले जेवली न्हाई, राजेश्री. मला न्हाई जमायचं."

तो गेला. ती पायरीवर बसून राहिली, रडूही येईना.

"समदे तुझी नवरी म्हनायलेत मला," शेवटी ती पाण्याला म्हणाली. "एकदा तोंड तरी दाव."

पाणी हललं नाही.